बॉम्ब बगदादवर, रांग मॅनहॅटनमध्ये

२० मार्च २००३ च्या पहाटे बगदादवर बॉम्ब पडायला सुरुवात झाली. दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, अमेरिकेत राहणाऱ्या पाकिस्तानी आणि सौदी पुरुषांच्या ‘स्पेशल रजिस्ट्रेशन’ची वाढवून दिलेली मुदत संपत होती. न्यूयॉर्कमध्ये ही नोंदणी मॅनहॅटनच्या २६ फेडरल प्लाझा या सरकारी इमारतीत व्हायची. टीव्हीवर युद्ध चालू होतं आणि त्याच आठवड्यात ब्रुकलिनच्या कोनी आयलंड अव्हेन्यूवरची पाकिस्तानी माणसं पासपोर्ट, घरभाड्याचा करार आणि पगाराच्या पावत्या फाइलला लावून नोंदणीला जात होती. इराकशी त्यांचा काही संबंध नव्हता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याशी इराकचाही नव्हता.

दहशतवादाला उत्तर म्हणून युद्ध नको, असं म्हणणाऱ्यांमध्ये तेव्हा दक्षिण आशियाई आणि अरब स्थलांतरित बरेच होते. त्यांच्यासाठी दोन शेरे ठरलेले असत. एक, हे लोक भाबडे आहेत. दोन, खाल्ल्या मिठाला जागत नाहीत. दोन्ही शेरे चुकीचे होते. हा विरोध अगदी व्यवहारी होता. परदेशातलं युद्ध आणि देशातली धरपकड एकाच आदेशातून निघतात. बाकीच्या नागरिकांना त्यातला टीव्हीवरचा भाग दिसतो, तर स्थलांतरिताच्या दारावर दुसऱ्या भागाची थाप पडते. इराक युद्ध सुरू होताच एफबीआयने अमेरिकेत राहणाऱ्या सुमारे ११ हजार इराकी माणसांच्या ‘ऐच्छिक’ मुलाखती घेतल्या. त्यातले कितीतरी जण सद्दामच्याच छळाला कंटाळून पळून आलेले होते. दारात एफबीआयचे दोन अधिकारी उभे असताना ‘ऐच्छिक’ या शब्दात कितीसा जीव उरतो?

स्पेशल रजिस्ट्रेशनची कार्यपद्धती नीट पाहिली की मुद्दा कळतो. २००२ च्या शेवटापासून जानेवारी २००३ पर्यंत २५ देशांची यादी टप्प्याटप्प्याने जाहीर झाली. २४ मुस्लिमबहुल देश आणि एक उत्तर कोरिया. या देशांचे १६ वर्षांवरचे जे पुरुष व्हिसावर अमेरिकेत आले होते, त्यांनी ठरलेल्या मुदतीत इमिग्रेशन कार्यालयात स्वतःहून हजर व्हायचं. ग्रीन कार्डवाल्यांना सूट होती. तिथे बोटांचे ठसे, फोटो, शपथेवर प्रश्नोत्तरं. नंतर पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं, वर्षाने पुन्हा यायचं, देश सोडताना नेमून दिलेल्या विमानतळावरूनच जायचं आणि जाताना पुन्हा नोंद करायची. यातलं काही चुकलं तर मुळात व्हिसा ठीक असलेला माणूसही हद्दपारीला पात्र.

घोटाळा कुठे झाला? ज्याच्या मनात काही काळंबेरं आहे तो अशा खिडकीवर कधी येतच नाही. येतो तो कायदा मानणारा माणूस. त्याच्या कागदांत बहुधा एखादी फट असते: कॉलेजात विषय कमी घेतल्यामुळे गेलेला विद्यार्थी व्हिसा, मालक बदलताना राहून गेलेला अर्ज, किंवा ग्रीन कार्डचा अर्ज केलेला पण सरकारी टेबलावरच वर्षानुवर्षं पडून असलेला. अधिकाऱ्याच्या संगणकावर या सगळ्याचं उत्तर एकच येतं, ‘स्टेटस नाही’. डिसेंबर २००२ मध्ये लॉस एंजेलिस भागात पहिल्या टप्प्याची मुदत संपताना असे शेकडो लोक जागच्या जागी धरले गेले. त्यात इराणी मोठ्या संख्येने होते. हात दाखवून अवलक्षण ही म्हण बोटांच्या ठशांच्या बाबतीत इतकी शब्दशः खरी ठरलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

२००३ च्या सप्टेंबरअखेर देशांतर्गत नोंदणी केलेल्यांचा आकडा ८३ हजार ५१९ होता. त्यातल्या १३ हजार ७९९ जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात या यादीतून एकालाही शिक्षा झाल्याची नोंद नाही. कोनी आयलंड अव्हेन्यूवरच्या ‘लिटल पाकिस्तान’मधली कितीतरी कुटुंबं मुदत संपायच्या आत कॅनडाच्या सीमेकडे निघाली. मागे बंद दुकानं राहिली, आणि पोलिसांशी बोलायचंच नाही हा धडा राहिला. तपास यंत्रणेचं खरं नुकसान इथे झालं. मोहल्ल्यात एखादं पोरगं वाकड्या वाटेला लागलं तर ते आधी मोहल्ल्याला कळतं. ज्या वस्तीतला बाप रांगेत उभा राहिला आणि परत आला नाही, ती वस्ती पोलीस ठाण्यात खबर द्यायला कशाला जाईल?

देशांची यादी करून दहशतवादी सापडतो, ही कल्पनाच मुळात कच्ची आहे. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं लपवून विमानात बसलेला रिचर्ड रीड ब्रिटिश नागरिक होता. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण डेव्हिड हेडलीचं. दाऊद गिलानी हे नाव त्याने बदलून घेतलं, खिशात अमेरिकन पासपोर्ट ठेवला आणि २६/११ च्या आधी मुंबईत येऊन टेहळणी केली. त्यासाठी आडोसा म्हणून त्याने वापरलं ते इमिग्रेशन सल्ला देणाऱ्या कंपनीचं ऑफिस. २५ देशांची कुठलीही यादी त्याला अडवू शकली नसती. तो सापडला तो तपासातून, ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोच्या विमानतळावर.

नोंदणीच्याही आधी धरपकड झाली होती. हल्ल्यानंतरच्या महिन्यांत पकडलेल्या ७६२ परदेशी लोकांचा अहवाल अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी २००३ मध्ये दिला. सुमारे एक तृतीयांश पाकिस्तानी होते. धोरण असं होतं की एफबीआय ‘निर्दोष’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही, आणि तसं म्हणायला एफबीआयला सरासरी ८० दिवस लागले. ब्रुकलिनच्या तुरुंगात ८४ जण कडक पहाऱ्याच्या विभागात होते. कोठडीतला दिवा चोवीस तास चालू. वकिलाला आठवड्यातून एक फोन. अहवालातला एक तपशील तर वाचून सुन्न व्हायला होतं. तुरुंगाचा कर्मचारी कोठडीपाशी येऊन नुसतं विचारायचा, ‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाचा त्याच्या लेखी अर्थ होता, ‘या आठवड्यातला फोन करायचा आहे का?’ कैदी बिचारा शिष्टाचार म्हणून ‘हो, ठीक’ म्हणायचा. झालं, फोन नको अशी समजूत. बाहेर बायको चौकशीला आली तर असा माणूस इथे नाहीच, असं उत्तर मिळायचं.

युद्धाचा आदेश निघतो तेव्हा खाली असल्या गोष्टी घडतात. आदेश मात्र किती छोटा असावा? १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना बळ वापरण्याचा अधिकार दिला, त्याचं मुख्य वाक्य जेमतेम ६० शब्दांचं आहे. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध एक, आणि तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. त्यांना नंतर धमक्यांमुळे संरक्षण घ्यावं लागलं. त्या वाक्यात ना देशाचं नाव आहे, ना मुदत. ते आजही रद्द झालेलं नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, तपास यंत्रणांचे अधिकार वाढवणारा पॅट्रिअट कायदा आला. त्याच्या १०२ व्या कलमात एका पाकिस्तानी वंशाच्या तरुणाचं नाव आदराने छापलेलं आहे: मोहम्मद सलमान हमदानी, वय २३. तो रुग्णवाहिकेवरचं प्रशिक्षण घेतलेला, पोलिसांचा कॅडेट. हल्ल्याच्या सकाळी जखमींना मदत करायला गेला आणि बेपत्ता झाला. कायद्यात हे नाव येण्यापूर्वीच तो ‘हवा असलेला’ असल्याची कुजबुज वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली होती. मार्च २००२ मध्ये ढिगाऱ्यात त्याचे अवशेष मिळाल्याचं घरच्यांना कळलं, तेव्हा तो विषय संपला. त्याची आई तलत हमदानी क्वीन्समध्ये शिक्षिका होत्या. पुढे त्या ‘सप्टेंबर इलेव्हन्थ फॅमिलीज फॉर पीसफुल टुमॉरोज’ या, हल्ल्यात घरचं माणूस गमावलेल्यांच्या संस्थेत सामील झाल्या, इराक युद्धाच्या विरोधात बोलल्या आणि ग्वांतानामो हा क्युबातला अमेरिकी लष्करी तुरुंग बंद करा म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना भाबडं म्हणण्याची कुणाची प्राज्ञा आहे?

आता खरा आक्षेप. युद्ध नको तर मग काय, हात बांधून बसायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि युद्धविरोधकांनी तो पुष्कळदा टाळला. ‘हिंसेने प्रश्न सुटत नाहीत’ एवढ्यावर थांबणारी पत्रकं त्या काळात ढिगाने निघाली, आणि माझ्या मते त्यांनी विरोधाचं नुकसानच केलं. तीन हजार माणसं मारली गेली असताना लोकांना काहीतरी घडलेलं हवं असतं, आणि तेही बरोबरच आहे.

उत्तर तेव्हा मॅनहॅटनमध्येच समोर होतं. ७ ऑक्टोबर २००१ ला अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू झाली. त्यानंतर ११ दिवसांनी, पडलेल्या मनोऱ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या फेडरल कोर्टाने अल कायदाच्या चौघांना जन्मठेप दिली. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाममधल्या वकिलातींवर बॉम्ब ठेवून २२४ माणसं मारणाऱ्या कटातले हे लोक. त्याआधी, १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्याच तळघरात स्फोट घडवणारा रम्झी युसूफ १९९५ मध्ये इस्लामाबादेत पकडला गेला, आणि १९९८ मध्ये त्याला २४० वर्षांची शिक्षा झाली. पकडण्यापासून शिक्षेपर्यंत तीन वर्षं. आता दुसरी वाट पाहा. ९/११ च्या कटाचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत सापडला. त्याला गुप्त कोठडीत नेऊन १८३ वेळा वॉटरबोर्डिंग, म्हणजे पाण्याने गुदमरवण्याचा छळ, केला. छळातून मिळालेला जबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून ग्वांतानामोच्या लष्करी न्यायालयात त्याचा खटला रखडत राहिला. दोन दशकं उलटली, तरी तीन हजार कुटुंबांना निकाल मिळालेला नाही. कडक उपाय म्हणून जे केलं, त्यानेच शिक्षा लांबवली.

मुंबईला हे वेगळं सांगायची गरज नाही. तुकाराम ओंबळेंनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत हाती लागला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला चालला, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. चार वर्षांत पूर्ण. ‘त्याला बिर्याणी कशाला, चौकात लटकवा’ म्हणणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, पुराव्याअभावी सुटले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयातही टिकली. चोर कोण आणि संन्यासी कोण हे निवडण्याची सोय खटल्यात असते. वरून पडणाऱ्या बॉम्बला ती नसते. ऑक्टोबर २००१ मध्ये कंदाहारजवळच्या चौकर-करेझ या खेड्यावर हल्ला झाला, त्यात किमान २५ नागरिक गेले. त्यांचे नातलग न्यूयॉर्कमध्येही राहत होते. ज्या शहरासाठी सूड घेतला गेला, त्याच शहरात दोन्हीकडचं सुतक पाळलं गेलं.

हिशेब पुढे वाढत गेला. ब्राऊन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाच्या अंदाजानुसार ९/११ नंतरच्या युद्धांत थेट हिंसेत नऊ लाखांहून अधिक माणसं मेली, त्यात चार लाखांहून जास्त सामान्य नागरिक. खर्च ८ लाख कोटी डॉलर. आणि ओसामा शेवटी सापडला तो निरोप्याचा माग काढत काढत, अबोटाबादच्या एका घरात. तेही काम पोलिसी होतं, कारवाई फक्त शेवटच्या तासाभराची.

समाज एका सुरात बोलत होता असं मात्र कुणी समजू नये. सद्दाम पडला तेव्हा मिशिगनच्या डिअरबॉर्नमध्ये इराकी लोक रस्त्यावर नाचले. तालिबान हटले याचा आनंद झालेले अफगाण अमेरिकेत पुष्कळ होते, आणि तो आनंद खोटा नव्हता. ज्याने जुलूम भोगलाय त्याला तुम्ही शांततेवर व्याख्यान कसं देणार? पण जुलमी राजवट हटवणं आणि दहशतवादाचा बंदोबस्त करणं ही दोन कामं आहेत. एकाच्या नावाने दुसरं केलं की दोन्ही बिघडतात. इराकमध्ये तसंच झालं.

राहता राहिलो आपण. त्या २५ देशांत भारत नव्हता. त्यामुळे भारतीयांना, मराठी माणसांसकट, एक सोयीची वाट मिळाली: ‘आम्ही ते नव्हे.’ टॅक्सीच्या अँटेनाला, दुकानाच्या काचेला अमेरिकी झेंडे लागले. तो झेंडा प्रेमाने लावणारेही होते, पण बऱ्याच जणांसाठी तो विम्याचा हप्ता होता. हप्ता भरूनही भरपाई मिळाली नाही. १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलझाडं लावत होते. पगडी पाहून एकाने त्यांना गोळी घातली. त्याच दिवशी डॅलसमध्ये वकार हसन, ४ ऑक्टोबरला मेस्किटमध्ये पंप चालवणारे वासुदेव पटेल. एक शीख, एक मुसलमान, एक हिंदू. मारणाऱ्यांनी कुणाचाही पासपोर्ट मागितला नव्हता.

यानंतर ‘चुकीच्या ओळखीतून हत्या’ असे शब्द रूढ झाले. हे शब्द आपल्या लोकांनी आनंदाने उचलले आणि तिथेच चूक केली. ओळख चुकली म्हणायचं, म्हणजे बरोबर माणूस मेला असता तर हरकत नव्हती, असंच होतं की. १९४१ मध्ये जपानच्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर कितीतरी चिनी अमेरिकनांनी ‘मी चिनी आहे’ असे बिल्ले छातीवर लावले होते. पुढच्या वर्षी सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक सरकारी छावण्यांत डांबले गेले. छावणीतून बाहेर आलेल्यांनी मात्र २००१ मध्ये बिल्ले लावले नाहीत. लहानपणी वायोमिंगच्या छावणीत राहिलेले नॉर्मन मिनेटा तेव्हा वाहतूकमंत्री होते. हल्ल्यानंतर दहा दिवसांत त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना बजावलं की वंश, धर्म पाहून प्रवासी अडवू नका. छावणीत जायला नकार देऊन १९४२ मध्ये अटक झालेल्या फ्रेड कोरेमात्सूंनी म्हातारपणी ग्वांतानामोच्या कैद्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिलं.

विरोध करायचा तर कसा, हेही थोडं सांगायला हवं, कारण इथे उत्साही लोक घात करतात. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो मुळातच हद्दपारीला पात्र आहे, त्याला ‘माझ्या राजकीय मतांमुळे मला निवडून पकडलं’ हा बचाव सहसा घेता येणार नाही. म्हणून सगळ्यांना सारखंच मोर्च्यात पुढे उभं करणं हा बेजबाबदारपणा आहे. अटक होण्याची शक्यता असलेल्या ओळीत फक्त नागरिक असावेत. ग्रीन कार्डवाल्यांनी परवानगी असलेल्या जागेतच राहावं, कारण साधी अटकसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात लिहावी लागते. ज्यांचे कागद अपुरे आहेत, त्यांच्यासाठी भाषांतर, पत्रकं, फोन, स्वयंपाक अशी आतली कामं असतात आणि तीच सर्वात कमी पडतात.

परवानगीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो. १५ फेब्रुवारी २००३ ला न्यूयॉर्कमध्ये इराक युद्धाविरुद्धचा मोर्चा नाकारला गेला, फक्त फर्स्ट अव्हेन्यूवर उभ्याने सभा घ्यायची परवानगी मिळाली, आणि कोर्टानेही ती बंदी कायम ठेवली. प्रत्यक्षात लोकांना लोखंडी कठड्यांच्या कोंडवाड्यांत उभं केलं गेलं आणि हजारो लोक सभेपर्यंत पोहोचलेच नाहीत. चालता येईल असं समजून म्हातारी माणसं, बाबागाड्या घेऊन आलेल्यांचे हाल झाले. वकिलाचा फोन नंबर मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नसतो, अटकेत मोबाइलच जातो. तो बॉलपेनने दंडावर लिहायचा. दारावर कुणी आलं तर वॉरंट दाराच्या फटीतून मागायचं आणि खाली सही कुणाची आहे ते पाहायचं. न्यायाधीशाची सही असेल तर गोष्ट वेगळी. इमिग्रेशन अधिकाऱ्याच्याच सहीच्या कागदावर, घरात राहणाऱ्याच्या संमतीशिवाय, कायद्याने आत येता येत नाही. ही माहिती उर्दू, बांगला, पंजाबीत छापलेली असेल तरच कामाची. इंग्रजी पत्रक टेबलावर पडून राहतं.

डॅलसमध्ये, वकार हसन आणि वासुदेव पटेल यांना मारणाऱ्याच्याच गोळीने एक डोळा गमावलेला बांगलादेशी रईस भुईयां वाचला. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, तो टेक्सासच्या कोर्टात गेला, तो आपल्यावर गोळी झाडणाऱ्याची फाशी थांबवा म्हणून. फाशी थांबली नाही.

नोंदणीचे नियम २०११ पासून नुसते कागदावर होते. २३ डिसेंबर २०१६ ला तेही काढून टाकले गेले. पाच आठवड्यांनी सात देशांच्या लोकांना अमेरिकेत येण्याची बंदी आली, कारण पुन्हा तेच दिलं होतं, दहशतवादापासून संरक्षण. २८ जानेवारी २०१७ ला संध्याकाळी सहा ते सात न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केनेडी विमानतळावरून भाडं उचलणं बंद ठेवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी शनिवारच्या संध्याकाळचा एक तास सोडला. टॅक्सीवाल्यांमध्ये बांगलादेशी, पाकिस्तानी, पंजाबी असे दक्षिण आशियाई पुष्कळ. बंदीच्या त्या सात देशांत ना बांगलादेश होता, ना पाकिस्तान, ना भारत.